खापर वाऱ्यावर

“सर, निसर्ग म्हटलं की थोडी रिस्क आलीच. एवढी भीती वाटत असेल तर माणसानं घरी बसून टीव्हीवर पक्षी बघावेत.”

टेंभुर्णीच्या एका टपरीवर रात्री साडेनऊला मला हे ज्ञान मिळालं. देणारा पंचविशीतला, पुण्याहून बारा जणांना पाठीवरच्या सॅकसकट उजनीच्या पाणथळीत दोन दिवस फिरवायला घेऊन आलेला. अंगात धंद्याचं नाव छापलेला टीशर्ट होता, आणि ते नाव वाळलेल्या गाळाखाली गेलेलं होतं. मी माढ्याचा. चार पक्षी ओळखता येतात एवढ्या भांडवलावर या सहलीत मला ‘स्थानिक तज्ज्ञ’ म्हणून धरलेलं. तेव्हा या प्रकरणात थोडा आरोपी मीही आहे, हे आधीच कबूल करतो.

पोराचं नाव सांगत नाही. सांगून उपयोग नाही, कारण तो जे बोलला ते त्याच्या एकट्याचं नाही. अपघातानंतर भेटीला येणारे पुढारी म्हणतात, निसर्गापुढे कुणाचं चालतं. बातमीत ‘अचानक आलेल्या वादळामुळे’ असं छापून येतं. पारावर म्हातारी माणसं म्हणतात, काळच आला होता, दुसरं काय. तिघांचं तात्पर्य एकच, की आता कुणाला काही विचारू नका. मला मात्र विचारायचं आहे, आणि त्यासाठी आधी त्या दिवशी काय झालं ते सांगावं लागेल.

एप्रिलचा शेवटचा आठवडा. धरण ‘मायनस’मध्ये गेलेलं. आमच्याकडे उजनीची खबर अशीच विचारतात, प्लसमध्ये आहे की मायनसमध्ये. पाणी मागे सरलं की काठाचा गाळ उघडा पडतो, त्यातले किडे, शेवाळ, झिंगे वर येतात आणि रोहित पक्षी उथळ पाण्यात रांगा धरून उभे राहतात. म्हणजे पाणी जितकं कमी तितका पक्षी जवळ, आणि पर्यटकही. कार्यक्रमपत्रिका झकास होती. दुपारी काठाकाठाने चाल, संध्याकाळी होडीतून बेटावर, तिथे तंबू, आणि पहाटे गुलाबी थव्यात सूर्योदय. आता हे बेट म्हणजे बुडालेल्या एका गावाची पांढरी. पाणी उतरलं की ती उंच जागा कोरडी पडते, जोत्यांचे दगड दिसायला लागतात. पाहुण्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या दृष्टीने ते बेट होतं आणि आपण कुठल्यातरी अॅमेझॉनमध्ये होतो.

होडी पत्र्याची, मासेमारीची. सहा माणसं नीट बसतील एवढी. होडीवाल्याला सगळे तात्या म्हणतात, मीही तेच म्हणतो. लाईफ जॅकेटं सहा होती आणि ती सहाही फळ्यांवर अंथरलेली होती, कारण एप्रिलच्या उन्हात पत्रा बुडाला भाजतो. दोघांनी जॅकेट घालायचा प्रयत्न केला, पण पाठीवर सॅक. सॅकचा एक पट्टा छातीवर, दुसरा कमरेवर, दोन्ही कडीबंद. अशी दहा-बारा किलोची सॅक बांधलेला माणूस पाण्यात पडला तर तिला सोडून वर येणार कसा, हा प्रश्न डोंगरात फिरणाऱ्याला सुचत नाही, आणि पाण्यावर फिरणाऱ्याने सॅक बांधलेलीच नसते. दोन्हीकडचं अर्धं अर्धं शहाणपण त्या होडीत जमलं होतं.

साडेचारला तात्याने आभाळाकडे पाहिलं. ऊन होतं, पण लांबवर ढगाला काळा काठ आला होता आणि हवा पडली होती. तो म्हणाला, “वारं फिरणार हाय. आज नगं. सकाळी सहाला नेतो, पाणी आरशावानी असतंय.” संयोजक पोरगा म्हणाला, “काका, लोकांनी पैसे भरलेत. प्रोग्रॅम ठरलाय.” तात्या काही बोलेना. मग पोरगा म्हणाला, “जमत नसेल तर सांगा, दुसरी होडी बघतो.”

सगळी गोष्ट या वाक्यात आहे. त्यानंतर जे झालं ते वाऱ्याने केलं नाही.

तात्याने पहिल्या फेरीत सहा जण पोचवले. दुसऱ्या फेरीत आम्ही आठ जण, तात्या धरून नऊ. ‘अंधार पडायच्या आत’ म्हणून तिसरी फेरी वाचवलेली. मी ‘आठ होतायत’ असं म्हणालो, पण ज्या आवाजात म्हणालो त्या आवाजात माणूस चहात साखर कमी आहे म्हणतो. अर्ध्या वाटेत आधी गार झोत आला. धूळ काठावर उभी राहिलेली दिसली आणि दोन-तीन मिनिटांत पाण्याला दात फुटले. तात्याने बेटाचा नाद सोडला, होडी वाऱ्याच्या तोंडाने वळवली आणि जवळच्या काठाला घातली. तो काठ म्हणजे गाळ. दोनशे फूट अलीकडेच होडीचं बूड टेकलं. घाबरलेल्या लोकांनी उड्या मारल्या आणि कमरेपर्यंत आत गेले.

उजनीचा गाळ ज्याने पाहिला नाही त्याला सांगतो. वर वाळलेली पापडी असते, भेगाळलेली, वावरासारखी दिसणारी. तिच्याखाली लोणी. पाय ओढायला जावं तर बूट आत राहतो, दुसऱ्या पायावर जोर द्यावा तर तो खोल जातो. तात्या होडीतून ओरडत होता, “आडवं व्हा! हुभं राहू नगा, आडवं व्हा!” सॅक सोडून पोटावर झोपल्यावर माणसं सुटायला लागली. त्याने होडीतल्या फळ्या काढून पसरल्या, जाळ्याचा दोर टाकला, आणि एकेकाला सरपटत काठाला लावलं. दीड तास गेला. बेटावरच्या सहा जणांना वारा पडल्यावर दुसऱ्या एका भोयाच्या होडीने आणलं. समोर तीनशे फुटांवर रोहित त्याच गाळात निवांत उभे होते. रोहिताचं वजन दोन ते चार किलो, बोटांमध्ये पडदा. तो उभा राहतो तिथे सत्तर किलोच्या माणसाला सॅकसह उभं राहता येईल, असा कुणाचा तरी हिशेब होता.

कुणी मेलं नाही. म्हणून टपरीवर ‘थोडी रिस्क’ हा शब्द वापरता आला.

आता त्या शब्दाकडे येतो. निसर्ग? उजनी धरणाची भिंत आमच्याच माढा तालुक्यात आहे, भीमानगरला. पुणे-सोलापूर महामार्गावरून जाताना उजवीकडे-डावीकडे मान वळवली की दिसते. १९८० साली ते पुरं झालं. एकेचाळीस दरवाजे, ११७ टीएमसीच्या आसपास साठवण. त्यातले जवळपास ६४ टीएमसी मृतसाठा. म्हणजे अर्ध्याहून अधिक धरण कागदावर मृतच आहे, आणि ‘मायनस’ म्हणजे त्या मेलेल्यातून उपसा. २०२४ च्या जूनमध्ये उजनी उणे ६० टक्क्यांच्या जवळ गेलं होतं. सोलापूरला पिण्यासाठी किती, नदीत किती, कालव्यात किती, सीना-माढा योजनेला किती, सगळं आदेशाने ठरतं. पाणी आज किती फुटांवर असेल हे ढगाला विचारावं लागत नाही, कार्यालयात फोन केला की कळतं. जागा सरकारी, पाणी सरकारी, पाण्याची उंची सरकारी. याला निसर्ग म्हणायचं असेल तर मंत्रालयालाही अभयारण्य म्हणावं लागेल.

आणि हे पाणी रानावर चढलेलं नाही, गावांवर चढलेलं आहे. देवळं, विहिरी, बांध, चिंचा, बाभळी सगळं खाली आहे. इंदापूर तालुक्यातलं पळसदेवचं जुनं देऊळ पाणी उतरलं की वर येतं आणि लोक फोटो काढायला धावतात. शिखर वर आलं की दिसतं. बोटभर पाण्याखाली राहिलेली विहिरीची कड दिसत नाही, बाभळीचा खुंटही दिसत नाही. त्यात भर वाळूच्या खड्ड्यांची. उजनीच्या पात्रात यांत्रिक बोटींनी चोरून वाळू उपसली जाते. महसूल खात्याची पथकं अशा बोटी पकडतात आणि जिलेटिन लावून उडवून देतात. फोटोही छापून येतात. मला त्या कारवाईबद्दल तक्रार नाही. मला एवढंच दिसतं, की एवढ्या मोठ्या पाण्यात वाळूची बोट शोधून तिला सुरुंग लावता येतो, पण काठावर उघडपणे माणसं भरणाऱ्या होडीत सहा बसलेत की नऊ, हे मोजायला माणूस सापडत नाही.

‘अचानक’ या शब्दाचं काय करायचं? वळीव कधी येतो हे आमच्याकडे पोरासोरांना ठाऊक आहे. पाडव्यापासून मृगापर्यंत, दुपार कलल्यावर. आधी हवा पडते, मग गार झोत, मग धूळ, पाऊस मागून. टेंभुर्णीपासून करमाळ्याच्या कंदरपर्यंत केळीचा पट्टा आहे. दर उन्हाळ्यात वळवाच्या वाऱ्याने केळी झोपते, तलाठी पंचनाम्याला येतो, अर्ज भरले जातात. केळीच्या बागेसाठी हा वारा शासनदरबारी नोंदलेला, फॉर्म छापून ठेवलेला आहे. तोच वारा काठ ओलांडून पाण्यावर गेला की एकदम अचानक होतो! शिवाय जमिनीवर त्याला झाडं, घरं, बांध अडवतात. पाण्यावर अडवायला काही नाही. वाऱ्याला जितकं मोकळं पाणी मिळेल तितकी लाट चढते, आणि उजनीचं पाणी तीन जिल्ह्यांत पसरलंय.

३० एप्रिल २०१७. माळशिरस तालुक्यातल्या डॉक्टरांचा एक गट उजनीच्या जलाशयात फिरायला गेला होता. इंदापूर तालुक्यात अजोतीजवळ होडी उलटली, चार डॉक्टर बुडाले. २१ मे २०२४. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली होडी संध्याकाळच्या वाऱ्यात उलटली. सात जण होते. एक जण पोहत काठाला आला, सहा गेले. त्यांत लहान मुलंही होती. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाला पाण्यात शोध घ्यावा लागला. ती सहल नव्हती. धरणाने गावांमधला रस्ता गिळला म्हणून वर्षानुवर्षं चाललेली ती रोजची ये-जा होती, मोठा वळसा वाचवणारी. पण पाणी तेच, हंगाम तोच, वेळही तीच. दोन अपघातांमध्ये सात वर्षं. एवढ्या अवधीत काठावर एक साधा वारामापक लावून लाल झेंडा वर करायची सोय झाली नसेल, तर त्या सात वर्षांनंतर ‘अचानक’ हा शब्द वापरायचा हक्क कुणालाच उरत नाही. हवामान खातं पुढच्या तीन तासांचा इशारा देतं. विजेसाठी पुण्याच्याच संस्थेने केलेलं ‘दामिनी’ अॅप फुकट मिळतं. आमच्या संयोजकाच्या फोनमध्ये सूर्योदयाची वेळ मिनिटावर दाखवणारं अॅप होतं, सोनेरी प्रकाश किती वाजता पडेल हे सांगणारं.

इथे एक शहाणा आक्षेप येतो आणि तो मी बाजूला सारणार नाही. म्हणतात, हे सगळं खेड्यातल्या पत्र्याच्या होड्यांमुळे. चांगल्या, मोठ्या, सरकारी बोटी आणा म्हणजे प्रश्न मिटला.

केरळातलं थेक्कडी घ्या. तेही धरणच, १८९५ साली पुऱ्या झालेल्या मुल्लपेरियार धरणाचं पाणी. सव्वाशे वर्षांपूर्वी बुडालेल्या झाडांचे खुंट अजून पाण्यातून वर आलेले दिसतात. काठावर वाघांचं राखीव रान, हत्ती-गवे पाणी प्यायला येतात, लोक बोटीतून बघतात. ३० सप्टेंबर २००९ ला संध्याकाळी तिथे ‘जलकन्यका’ उलटली. पत्र्याची होडी नव्हती ती, केरळच्या पर्यटन विकास महामंडळाची दुमजली बोट होती. ४५ माणसं गेली. काठावर जनावरं दिसली म्हणून लोक एका बाजूला सरकले आणि बोट कलली, असं तेव्हा समोर आलं. वादळ नव्हतं. वन्यजीव बघायच्या सहलीचा धोका तिच्या पोटातच असतो, कारण ज्याच्यासाठी माणूस आलाय ते एकाच बाजूला दिसतं आणि दिसलं की सगळे एकदम उठतात. तोरणमाळला किंवा महाबळेश्वरला तळ्यात फिरणारा माणूस इकडेतिकडे बघतो. पक्षी बघणारा नाही. रोहितांचा थवा उडाला की पंखाखालचा लाल-काळा रंग एकदम उघडतो आणि होडीतला प्रत्येक माणूस कॅमेरा घेऊन उभा राहतो. मी स्वतः उभा राहिलोय. तात्याच्या होडीला उलटायला वाऱ्याचीही गरज नाही.

तर बोट मोठी की छोटी हा मुद्दा नाही. ७ मे २०२३ ला केरळातच तानूरला २२ माणसं बुडाली, मासेमारीची बोट पर्यटकांसाठी बदलून घेतली होती आणि क्षमतेपेक्षा जास्त भरली होती. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्यात हरणी तलावात शाळेच्या सहलीतली बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. तो तर शहरातला तलाव. कुठेही बघा, शेवटी एकच प्रश्न राहतो. किनाऱ्यावर ‘नाही’ म्हणणारा कुणी होता का, आणि त्याचं ऐकलं जाईल अशी व्यवस्था होती का?

कायदा नाही असंही नाही. १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२१ साली नवा अंतर्देशीय जलयान अधिनियम आला. यंत्रावर चालणाऱ्या नौकांची तपासणी, नोंदणी, चालवणाऱ्याची पात्रता, विमा, सगळं त्यात आहे. त्याच वर्षी राज्याने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, संयोजकांनी नोंदणी करावी म्हणून. आणि पाणथळ? इथे गंमत आहे. पाणथळींसाठीचा आंतरराष्ट्रीय रामसर करार माणसाने बांधलेल्या पाण्यालाही पाणथळ मानतो. नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मधमेश्वर हे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, २०२० साली जाहीर झालेलं. तेही गोदावरीवरच्या बंधाऱ्याचंच पाणी आहे. पण आपल्या देशाचे २०१७ चे पाणथळ नियम सिंचनासाठी आणि पिण्यासाठी बांधलेले जलाशय व्याख्येतूनच वगळतात. म्हणजे कच्छच्या रणातून रोहित येतात, हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात, चक्रवाक येतात, त्यांच्या जोरावर पोस्टरं छापली जातात, हॉटेलं उभी राहतात, आणि त्या नियमांपुरती उजनी पाणथळ नाही! जाहिरातीत ती वन्यजीवांची, नकाशात पाटबंधाऱ्याची, अपघातात देवाची.

माळढोकाचंही आमच्याकडे असंच झालं होतं. १९७९ च्या माळढोक अभयारण्यात माढा तालुकाही होता, आणि ते साडेआठ हजार चौरस किलोमीटर कागदावर एवढं मोठं होतं की त्यात गावं, रस्ते, बाजार सगळं बसलं. नंतर ते आकसून सव्वा बाराशेवर आलं. कागदावरचं निसर्गप्रेम आम्ही पोटभर पाहिलंय. असो, तो विषय वेगळा.

आता दुसऱ्या टोकाचे लोक. त्यांच्याशी भांडण जास्त अवघड, कारण त्यांचा कळवळा खरा असतो. अपघात झाला की ते म्हणतात, होड्याच बंद करा. पक्षी काठावरून बघा, मनोऱ्यावरून बघा. नांदूर मधमेश्वरला मनोऱ्यांवरून बघतात, खरं आहे. पण तिथली गोष्ट इथे उचलून ठेवता येत नाही. इथे पाणी कधी मैलभर आत, कधी अंगणात. आज बांधलेला मनोरा मे महिन्यात चिखलाकडे बघत बसेल. आणि होड्या बंद म्हणजे कुणाचा व्यवहार बंद? धरणाने आधी नदीची मासळी बदलली, आता जाळ्यात सगळी चिलापी. तिला भाव किती मिळतो ते भिगवणच्या बाजारात पहाटे जाऊन बघा. हिवाळ्याचे चार महिने पक्ष्यांच्या फेऱ्या म्हणजे भोई कुटुंबांना हातात रोख पैसा. होडीबंदीने तो जाईल, आणि सहली थांबतील असंही नाही, त्या अंधारात चालतील. जिलेटिनची धमकी देऊन वाळू थांबली का?

आणि मुळात होडीवाल्याला गुन्हेगार ठरवताना एक गोष्ट विसरली जाते. त्या संध्याकाळी आमच्यात वाऱ्याची जाण असलेला माणूस एकच होता आणि सगळ्यात कमी किमतीचाही तोच होता. पाहुण्यांनी सहलीचे जे पैसे मोजले, त्यात तात्याचा वाटा फेरीच्या हिशेबाने होता. फेरी झाली तर पैसे. ज्याची चूल फेरीवर पेटते त्याने फेरीला नाही म्हणावं, अशी अपेक्षा आपण करतो. त्याने तरीही म्हटलं होतं. तेव्हा नाही म्हणायची किंमत दुसऱ्या कुणीतरी भरायला हवी. वाऱ्यामुळे बुडालेल्या फेरीचे पैसे होडीवाल्याला मिळालेच पाहिजेत, ही अट आधी घाला. मग जॅकेटं, मग बोर्ड, मग सेल्फी पॉइंट. काठावर होडीवाल्यांचाच एखादा जण झेंड्यावर बसवा आणि झेंडा लाल असताना निघालेल्या होडीची जबाबदारी संयोजकावर टाका. दुपारच्या फेऱ्या पाडव्यापासून पावसाळ्यापर्यंत सरळ बंद ठेवा. पक्षी बघणाऱ्याचं त्यात काही जात नाही. पक्षी सकाळीच चांगले दिसतात, प्रकाश सकाळीच चांगला, पाणीही सकाळीच आरशावानी. संध्याकाळची फेरी पक्ष्यांसाठी नसतेच. पुण्याहून सकाळी निघालेली बस दुपारी पोचते आणि पहिल्या दिवशी पैसे वसूल झाल्यासारखं वाटायला हवं, म्हणून ती असते.

‘बॅकपॅकिंग’ या शब्दाचंही थोडं बघायला हवं. पाठीवर संसार बांधून हिंडणं आम्हाला नवं नाही, आषाढात निम्मा जिल्हा तेच करतो. पण वारीच्या वाटेवर पुढची दिंडी कुठे थांबणार, पाणी कुठे, टँकर कुठे, हे ठरलेलं असतं. एवढी माणसं चालतात तरी वाटेला ‘रिस्क’ म्हणून कुणी मिरवत नाही. या नव्या सहलींत उलट आहे. तयारी नसणं हाच माल म्हणून विकला जातो. तंबू गळला तर अनुभव, जेवण मिळालं नाही तर अनुभव, गाळात रुतलात तर जन्मभराचा अनुभव. माझ्या शेजारी बसलेल्या एका मुलीच्या पायाला गाळात कुठल्यातरी जुन्या तारेने चीर पडली होती. कुंपणाची असेल, कुणाच्यातरी परड्याची. टपरीवर ती टाचेला रुमाल बांधत असताना तिला सांगितलं गेलं, की ही गोष्ट तू नातवंडांना सांगशील.

त्या पोराला तिथे मी उत्तर दिलं नाही. दमलो होतो, आणि खरं सांगायचं तर माझंही मानधन त्याच्याकडून यायचं होतं. म्हणून इथे लिहितो. बाबा रे, घरी बसून टीव्ही बघायला मी तयार आहे. पण तू ज्याला रिस्क म्हणतोस तीत तुझं काय होतं? होडी तात्याची, जीव पाहुण्यांचा, गाळ सरकारचा, वारा देवाचा. तुझा फक्त टीशर्ट होता. जोखीम घेणाऱ्याला मान द्यावा हे मला मान्य आहे. दुसऱ्याची जोखीम विकणाऱ्याला आमच्याकडे दलाल म्हणतात, आणि दलालही बाजार समितीचा परवाना काढतो.

पुढच्या आठवड्यात तात्या कुर्डुवाडीच्या बाजारात भेटला. जाळ्याचा दोर घ्यायला आला होता, जुना त्या दिवशी माणसं ओढताना तुटला होता. मी विचारलं, पैसे मिळाले का. म्हणाला, “निम्मं मिळालं. दुसरी फेरी पोचली न्हाय ना, सर.”